रिपोर्टमा काहीच नई शे

शीर्षक वाचून आमच्या घरातली मंडळी आत्ताच हसली असतील. हे वाक्य नानांचं. नाना म्हणजे माझे धाकटे काका, मुक्काम नवापूर, जिल्हा नंदुरबार. अहिराणी न कळणाऱ्या ब्लॉगमित्रांसाठी अर्थ सांगतो : "रिपोर्टमध्ये काहीच नाही." कुणीही "नाना, पोट काय म्हणतंय?" असं विचारलं की नाना हात झटकून हेच म्हणायचे. लग्नकार्यात तो आमचा ठरलेला विनोद होता. एखादा भाचा नक्कल करायचा, बाकीचे टाळ्या द्यायचे. मीही त्यात होतो.

गेल्या दिवाळीत नवापूरला गेलो तेव्हा काकूने कपाटातून एक जाडजूड फाईल काढली. "हे बघ, एवढं सगळं केलंय आम्ही," म्हणाली. सोनोग्राफी, रक्त, शौचाची तपासणी, दोनदा दुर्बिणीने तपासणी. सगळ्या कागदांवर शेवटी एकच शब्द : नॉर्मल. चाळता चाळता माझं लक्ष तारखांकडे गेलं. पहिला कागद एप्रिल २००६ चा होता.

२००६ म्हटलं की नवापूरच्या माणसाला दुसरं काही आठवत नाही.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी-शेवटी नवापूरच्या शेडमध्ये कोंबड्या पटापट मरायला लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं, राणीखेत असेल, दरवर्षीचंच आहे. मग नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं : एच५एन१, बर्ड फ्लू. भारतातली पहिली नोंद, आणि ती आमच्या गावात! पांढरे झगे घातलेली पथकं आली. मोठमोठे खड्डे खणले गेले. परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. देशभर चिकनचे भाव कोसळले. माणसाला लागण झाल्याचं त्या साथीत एकही उदाहरण भारतात निघालं नाही, पण ते नंतर कळलं. त्या दिवसांत रोज वाटायचं की आज आपल्याला ताप येणार.

नानांच्या शेडमध्ये अंड्यांवरच्या आठ हजार कोंबड्या होत्या आणि डोक्यावर बँकेचं कर्ज होतं. त्याआधीच्या पावसाळ्यात त्यांना जोरदार हगवण होऊन गेली होती. सलाईन लावावं लागलं होतं. त्यातून ते बरे झाले होते. पण शेड रिकामी झाली आणि महिन्या-दीड महिन्यात पोटाने जे धरलं ते आजतागायत. पोटात कळ, फुगल्यासारखं, सकाळी चार-चारदा जावं लागणं, जाऊन आलं की थोडं बरं, मग मधेच आठवडाभर बद्धकोष्ठ. कुणी आमांश म्हणून गोळ्या दिल्या, कुणी जंतांच्या दिल्या. घरातले म्हणाले, मिरची बंद करा. नंदुरबारच्या मिरचीबाजारापासून एवढ्या जवळ राहून मिरची बंद करणं म्हणजे काय ते खानदेशी माणसालाच कळेल :) तीही त्यांनी केली. फरक शून्य. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." आणि नाना घरी येऊन आम्हाला म्हणाले, रिपोर्टमा काहीच नई शे.

आम्ही त्याचा अर्थ असा घेतला की काहीच झालेलं नाही.

परत आल्यावर मी वाचत सुटलो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. पण वाचता वाचता कळलं की "हे पोटाचं आहे की मनाचं" हा नानांच्या बाबतीतला आमचा प्रश्न वैद्यकशास्त्र दोनशे वर्षं स्वतःला विचारत आलं आहे, आणि त्याचा इतिहास फार रंजक आहे.

खरं म्हणजे दोनशे वर्षांच्या कितीतरी आधीपासून. चरकसंहितेत अतिसाराचे, म्हणजे जुलाबाचे सहा प्रकार दिले आहेत. वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोषांचा मिळून एक, हे झाले चार. उरलेले दोन कोणते? भयज आणि शोकज. भीतीने होणारा आणि दुःखाने होणारा. सुश्रुतानेही शोकाने होणारा अतिसार वेगळा मोजला आहे. आणि आपल्या मराठीला तर हे केव्हापासून माहीत आहे! भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, काळजीने पोटात कालवाकालव होते, लेकराचं दुःख पाहून आईचं आतडं तुटतं, आणि मनापासून सांगायचं असेल तर आपण पोटतिडकीने सांगतो. भाषेला जे दिसलं ते यंत्राला दिसायला बराच वेळ लागला, एवढंच.

पहिल्यांदा ते डोळ्यांनी दिसलं ते अमेरिकेत, एका अपघातामुळे. ६ जून १८२२ ला मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला चुकून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जठराला पडलेलं भोक कायमचं राहिलं. बोमाँट त्या खिडकीतून वर्षानुवर्षं आत बघत राहिले. दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून आत सोडायचा, ठरावीक वेळाने ओढून बघायचा. त्यांनी १८३३ मध्ये सगळे प्रयोग पुस्तकरूपाने छापले. त्यात एक नोंद अशी की हा गडी रागावला की जठराचं अस्तर बदलतं आणि पचन बिघडतं. (त्याला रागवायला कारणंही भरपूर असणार. असं कुणी रोज पोटात डोकावलं तर आपण तरी काय केलं असतं?)

त्यानंतर हार्वर्डचे वॉल्टर कॅनन. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्या दोन-तीन वर्षांतच कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं खाणं देऊन पडद्यावर त्यांच्या जठर-आतड्यांच्या हालचाली पाहायला सुरुवात केली. मांजर शांत असलं की लाटा छान चालत. ते चिडलं, घाबरलं की लाटा थांबत. अंगावरून हात फिरवला की पुन्हा सुरू. १९१५ मध्ये त्यांनी वेदना, भूक, भय आणि क्रोध यांनी शरीरात काय होतं यावर पुस्तक लिहिलं. संकट समोर आलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात, शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, आणि त्या वेळी पचनाकडे बघायला कुणाला वेळ नसतो, ही त्यांची मांडणी.

१९३६ मध्ये माँट्रियलला हान्स सेल्ये यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ते शोधत होते एक नवीन हार्मोन. त्यासाठी उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचत होते. पण काहीही टोचा, थंडीत ठेवा, थकवा, उंदरांमध्ये तेच तीन बदल दिसत : अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या, थायमस ग्रंथी आकसलेली, आणि जठर-आतड्यात व्रण. म्हणजे संकट कोणतंही असो, शरीराचं उत्तर एकच. आज आपण उठता-बसता 'स्ट्रेस' म्हणतो त्या कल्पनेची सुरुवात या उंदरांपासून झाली.

आता मुख्य प्रयोग, जो वाचून मी खुर्चीतून उठलोच. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कला थॉमस आल्मी नावाचे डॉक्टर नळी घालून निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्याचं निरीक्षण करत. डोक्याला घट्ट पट्टा बांधून डोकेदुखी निर्माण करायची आणि आतड्याकडे बघायचं. एकदा एका वैद्यकीय विद्यार्थ्यावर हा प्रयोग चालू असताना त्याला भासवलं गेलं की आत कॅन्सरची शंका आहे. त्याच क्षणी त्याचं आतडं लालबुंद होऊन जोराने आवळलं गेलं. हे खोटं होतं असं सांगितल्यावर ते सैल पडलं. आजच्या काळात असा प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण नुसत्या शब्दांनी आतडं कसं बदलतं हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसलं.

हे कसं होतं याचे दुवे पुढे जुळत गेले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. धोका जाणवला की तो सीआरएच हे हार्मोन सोडतो. त्याने पिट्यूटरी ग्रंथी जागी होते, तिचा निरोप मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना जातो, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. सीआरएचची रचना वाइली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये शोधली. नंतर कळलं की हे सीआरएच फक्त वरिष्ठ कार्यालयात काम करत नाही, ते आतड्यातही काम करतं. त्याच्यामुळे जठर रिकामं व्हायला उशीर लागतो आणि मोठं आतडं मात्र घाईला येतं. परीक्षेच्या सकाळी खाणं घशाखाली उतरत नाही पण संडासला धावावं लागतं, त्याचं हे स्पष्टीकरण.

मग सगळ्यांनाच हा आजार का होत नाही? १९७३ मध्ये रिची नावाच्या ब्रिटिश संशोधकाने आतड्यात छोटा फुगा सोडून त्यात हवा भरून पाहिली. जेवढ्या हवेने निरोगी माणसाला विशेष काही वाटत नव्हतं, तेवढ्याच हवेने या रुग्णांपैकी कितीतरी जणांना दुखत होतं. म्हणजे त्यांच्या आतड्याच्या संवेदनेचा आवाज मोठा करून ठेवलेला असतो. दुर्बिणीतून आतड्याची भिंत दिसते, तिचा आवाज दिसत नाही. नानांच्या फाईलमधले सगळे 'नॉर्मल' खरे होते आणि नानाही खरे होते.

इथवर हार्मोन झाले. जिवाणू राहिलेच.

आपल्या आतड्यात कोट्यवधी-अब्जावधी जिवाणू राहतात. एली मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दह्यातल्या जिवाणूंचा आणि दीर्घायुष्याचा संबंध मांडला होता, पण पुढे बराच काळ वैद्यकाला जिवाणू म्हणजे फक्त शत्रूच वाटत राहिले. १९८० च्या दशकात एक मोठा धडा मिळाला. जठराचा अल्सर हा काळजीने आणि तिखटाने होतो असं सगळं जग मानत होतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक वेळा त्यामागे एक जिवाणू असतो. मार्शल तर १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः प्यायले! त्यांना नोबेल मिळालं २००५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे नवापूरच्या बर्ड फ्लूच्या चारच महिने आधी. त्यामुळे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मनाचं काही नसतं, जंतू शोधा. आयबीएसच्या, म्हणजे 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम'च्या रुग्णांची मात्र इथेही पंचाईत. त्यांचा असा एकच एक जंतू सापडत नव्हता.

सापडलं ते वेगळंच. १९९२ मध्ये मार्क लाइट यांनी दाखवलं की नॉरअ‍ॅड्रिनलिन या तणावाच्या वेळी सुटणाऱ्या रसायनाने काही जिवाणूंची वाढ झपाट्याने होते. म्हणजे आपल्या भीतीची बातमी जिवाणूंनाही कळते. उलट दिशेने काय? २००४ मध्ये जपानच्या सुदो आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वाढवलेले उंदीर घेतले. त्यांना कोंडलं तर त्यांची तणावाची हार्मोन्स साध्या उंदरांपेक्षा जास्त उसळत. लहान वयात बिफिडोबॅक्टेरियम जातीचा एक जिवाणू दिला की ती उसळी खाली येई. मोठेपणी दुरुस्ती जमत नव्हती. म्हणजे भीती किती वाटावी यात पोटातल्या या पाहुण्यांचाही हात आहे. उंदरांचं जसंच्या तसं माणसाला लावू नये, पण रस्ता दुहेरी आहे हे नक्की झालं.

आणि माणसांतला पुरावा? तो कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावातून आला. मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर गावाच्या पाणीपुरवठ्यात जनावरांच्या शेणातले जंतू गेले. सुमारे २३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. संशोधक त्या गावात वर्षानुवर्षं जात राहिले. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर ज्यांना तेव्हा नक्की जुलाब झाल्याची नोंद होती त्यांच्यातल्या तिघांत एकाहून जास्त लोकांना आयबीएस होता. जे आजारी पडलेच नव्हते त्यांच्यात तो दहात एकाला. जंतू केव्हाच निघून गेला होता, पण पोटाने ते लक्षात ठेवलं होतं. ज्यांना आधीपासून चिंता किंवा नैराश्य होतं त्यांना धोका जास्त होता.

हे वाचताना मी थांबलो. पावसाळा, दूषित पाणी, जोरदार हगवण. आणि त्यानंतर काही महिन्यांनी आठ हजार कोंबड्यांचा खड्डा. नानांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या भागात दर पावसाळ्यात पोटं बिघडतात, आणि काळजीला तर कधीच तोटा नसतो. नाना काही जगावेगळे नव्हते. भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यात समाजातल्या ४५०० जणांपैकी ४.२ टक्क्यांना आयबीएस निघाला. म्हणजे शंभर माणसांच्या पंगतीत चार. पाश्चात्त्य देशांत हा बायकांचा आजार समजतात, आपल्याकडे दवाखान्यात येणाऱ्यांत पुरुष जास्त होते. बायका येतच नसतील, हेही त्याचं एक कारण असू शकेल.

२०१६ मध्ये या आजारांची व्याख्या करणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांच्या गटाचं नावच बदललं. पूर्वी 'कार्यात्मक आजार' म्हणायचे, म्हणजे रचनेत काही सापडत नाही असे. आता म्हणतात 'आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे आजार'. हे वाचल्यावर मला आमचं रेल्वे स्टेशनच आठवलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध सीमारेषा रंगवली आहे. त्यावर बसलेला माणूस कोणत्या राज्यात आहे, यावर वाद घालता येईल. गाडी मात्र दोन्हीकडून जाते. पोटाचं की मनाचं, हा वाद आम्ही वीस वर्षं त्या बाकावर बसूनच घातला म्हणायचा.

आता माझ्या वाटणीचं. माझं लग्न २००९ मध्ये पुण्यात झालं. नाना आले नाहीत. "ताप होता" असा निरोप आला. मला राग आला, आणि तो मी बरीच वर्षं पोटात ठेवला. या दिवाळीत काकूने सांगितलं की ते एसटीत बसले होते. नवे कपडे घालून, आहेराचं पाकीट खिशात ठेवून. साक्रीला पोटात कळ आली, उतरावं लागलं, गाडी निघून गेली. पुढच्या गाडीत बसायची हिंमत झाली नाही. पुण्यापर्यंतचा एवढा लांबचा रस्ता आणि कुठे थांबेल ते माहीत नाही. ते तिथूनच परत फिरले. भर लग्नघरात हे कारण कसं सांगायचं, म्हणून ताप सांगितला. आणि त्यांनी सांगितलं असतं तरी आम्ही काय केलं असतं? टाळ्या दिल्या असत्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला. नानांनी शेड केव्हाच मोडल्या होत्या, तिथे आता तुरीचं पीक असतं. पण बातमी आली त्या रात्री नाना पाच वेळा उठले. तेव्हा त्यांना एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं?" नाना अर्धा तास बोलले. मग डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर मेंदू आणि आतडं काढून मधे दोन बाण काढले, एक वर जाणारा, एक खाली येणारा. आजाराला नाव आहे हे नानांना पंधरा वर्षांनी कळलं. ती चिठ्ठी काकूने जपून ठेवली आहे, त्याच फाईलमध्ये.

नाना आता पूर्ण बरे आहेत असं नाही. इसबगोल घेतात, वेळेवर जेवतात, संध्याकाळी रंगावली नदीच्या बाजूने चालून येतात. कांदा, लसूण, गहू आणि डाळी यांच्यातल्या काही साखरा आतड्यात आंबतात आणि या लोकांना त्रास देतात असं ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी दाखवलं. आता कांदा-लसूण नसलेली खानदेशी भाजी काकूने कशी करायची? तिने मधला मार्ग काढला. दादरची भाकरी, भात, लसूण नुसता तेलात परतून काढून टाकायचा, आणि नवापूरची प्रसिद्ध तूरडाळ आठवड्यातून एकदाच, थोडीशी. कुठल्या तरी जाहिरातीतल्या जिवाणूंच्या महागड्या पुड्याही खाऊन झाल्या. काहींना त्या लागू पडतात, नानांना पडल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र आवर्जून लिहितो, कारण घरातले वाचतायत. शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर त्याला आयबीएस म्हणून घरी बसू नका. नानांच्या त्या रात्रीनंतरही डॉक्टरांनी तपासण्या पुन्हा केल्याच होत्या. तपासणी करायचीच. फक्त ती नॉर्मल आली म्हणजे माणूस खोटा, असं समजायचं नाही.

चरकाने भयज आणि शोकज अतिसारावर औषधांबरोबर आणखी दोन उपाय सांगितले आहेत : रुग्णाला आनंद देणं आणि धीर देणं. हे दोन्ही आम्हाला घरबसल्या, फुकटात करता आलं असतं.

परत निघताना नाना मला सोडायला स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता, म्हणून त्या बाकावर बसलो. मी विचारलं, "नाना, पोट कसं आहे?" सवयीने त्यांचा हात वर गेला. "रिपोर्टमा..."

"रिपोर्ट राहू द्या," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

मग गाडी येईपर्यंत ते सांगत होते.